वाचकांचे प्रश्न : गोठलेल्या जमिनीवरचे कारखाने

मागच्या अंकात रशियाच्या उत्तरेकडच्या नोरिल्स्क शहराजवळ झालेल्या डिझेलगळतीवर एक छोटं टिपण आलं होतं. २९ मे २०२० रोजी तिथल्या वीजकेंद्राच्या राखीव डिझेलची एक टाकी पाया खचून फुटली. सुमारे २१,००० टन डिझेल बाहेर पडलं आणि त्यातलं बरंचसं दाल्दिकान आणि अंबार्नाया या नद्यांत गेलं. त्यावर नाशिक जिल्ह्यातून आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. उत्तरं पाया, टाक्या आणि रेफ्रिजरेशन या कामांतल्या अभियंत्यांनी मिळून दिली आहेत. सलग दोन किंवा त्याहून जास्त वर्षं जिचं तापमान शून्याच्या वर जात नाही, त्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. रशियाचा जवळपास दोन तृतीयांश भूभाग असा आहे. सगळे अंश सेल्सिअसमध्ये आहेत.

पानेवाडीच्या तेलडेपोंत टाक्यांच्या देखभालीची कामं घेतो. टाकी बसायला लागली की आधी लेव्हलमध्ये कळतं, एका रात्रीत काही होत नाही. नोरिल्स्कला कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? — एक वाचक, मनमाड

आपल्याकडची टाकी मुरमाच्या भरावावर किंवा काँक्रीटच्या रिंगवर बसते, म्हणून ती हळूहळू बसते आणि बसताना दिसते. नोरिल्स्कची ती टाकी १९८५ची आणि खांबांवरची, म्हणजे पाइल फाउंडेशनची होती. तिथेच फरक पडतो.

हिशेब करून पाहा. टाकीत १२ मीटर डिझेल असेल आणि घनता ०.८४ धरली, तर दर चौरस मीटरला साधारण १० टन भार येतो. तो स्लॅबवरून खांबांत उतरतो. खांब खडकावर टेकलेला असेल तर भार खडक घेतो. टेकलेला नसेल तर सगळा भार खांबाच्या अंगाला गोठून चिकटलेल्या मातीवर, म्हणजे फक्त पकडीवर असतो. माती जरा गरम झाली की पकड ढिली पडते. एक खांब थोडा खाली सरकला की त्याचा भार शेजारच्या दोन-तीन खांबांवर जातो. तेही आधीच काठावर असतात, मग तेही सरकतात. स्लॅब ताठ असल्यामुळे वरून लेव्हल घेणाऱ्याला बराच काळ फारसा फरक दिसत नाही. दिसतो तेव्हा हातात वेळ उरलेला नसतो. म्हणून अशा पायाला नुसती टाकीची लेव्हल पुरत नाही, खांबांभोवतीच्या मातीचं तापमानही वाचावं लागतं.

या अपघाताचं सगळं खापर हवामानबदलावर फोडणं मात्र बरोबर नाही. रशियाच्या औद्योगिक सुरक्षा यंत्रणेने चौकशीनंतर खांबांच्या रचनेतले आणि बांधकामातले दोष दाखवले आणि देखरेख अपुरी असल्याचंही म्हटलं. आमचं मत असं आहे की जमीन गरम होणं आणि कामातला कच्चेपणा या दोन वेगळ्या गोष्टी मानूच नयेत. थंडी घट्ट असते तोवर कच्चं कामही निभावून जातं. तीच थंडी दोन अंशांनी कमी झाली की प्रत्येक आखूड खांब उघडा पडतो. वीजकेंद्र चालवणाऱ्या कंपनीला १४६ अब्ज रूबलहून अधिक दंड झाला आणि तो २०२१ मध्ये भरला गेला.

टाकी बसण्याचे प्रकार तुम्हाला माहीत आहेत, तरी या जमिनीच्या संदर्भात सांगतो. सगळी टाकी सारखी बसली तर शेल, म्हणजे टाकीची उभी भिंत, शाबूत राहतं, पण पाइपलाइन जागेवर असल्यामुळे नोझलचं, म्हणजे टाकीला पाइप जोडायच्या तोंडाचं, वेल्ड ताणलं जातं. म्हणून तिथे नोझलला लगेच कडक पाइप जोडत नाहीत. मध्ये बेलोज किंवा लवचीक जोड घेतात आणि पहिले काही सपोर्ट उंची बदलता येईल असे ठेवतात. टाकी एका बाजूला कलली तर डिपची, म्हणजे आतल्या तेलाची उंची मोजल्याची, रिडिंग चुकतात आणि तरंगतं छप्पर अडकतं. सगळ्यात वाईट म्हणजे परिघावर कुठे जास्त, कुठे कमी बसणं. त्यात शेल पिळलं जातं आणि शेल व बॉटम प्लेट यांच्या कोपऱ्यातलं वेल्ड फाटतं. टाकी एकदम रिकामी होते ती बहुधा याच सांध्यातून. लेव्हल घेताना परिघावर किमान ८ बिंदू हवेत आणि दोन बिंदूंत १० मीटरपेक्षा जास्त अंतर नको. बेंचमार्क मात्र खडकात रोवलेला हवा. शेजारच्या इमारतीच्या कोपऱ्यावर खूण केली आणि ती इमारतच टाकीबरोबर खाली गेली, तर फरक शून्यच दिसणार.

आता डाइक वॉल, म्हणजे सांडलेलं तेल अडवायला टाक्यांभोवती घातलेली भिंत. सर्वांत मोठ्या टाकीच्या ११० टक्के तेल मावेल एवढी जागा आत ठेवायची, हा सर्वसाधारण नियम. बर्फाळ भागात हिवाळाभर त्याच जागेत बर्फ साचतो, वसंतात त्याचं पाणी होतं आणि कागदावरचे ११० टक्के प्रत्यक्षात बरेच कमी भरतात. त्यातून डाइक मातीची असेल आणि त्या मातीत बर्फ असेल, तर ती स्वतःच बसते, आतला लायनर तडकतो. गळती मे महिन्याच्या शेवटी झाली तर अशा ठिकाणी सगळं एकाच वेळी विरोधात जातं.

तिथल्या जमिनीचं तापमान अजून उणे एक-दोन अंश आहे असं वाचलं. शून्याच्या खाली असेल तर बर्फ वितळणारच नाही. मग धोका कसला? — अभियांत्रिकीचा विद्यार्थी, गंगापूर रोड

हा गैरसमज फार ठिकाणी आहे आणि तोच महागात पडतो. गोठलेली माती म्हणजे दगड नव्हे. विशेषतः चिकणमातीत शून्याखालीही थोडं पाणी न गोठता कणांभोवती राहतं. उणे दोनवरून तापमान उणे अर्ध्यावर आलं की हे पाणी वाढतं आणि खांबाभोवतीची पकड निम्म्याहून खाली येते. एक थेंबही वितळलेला दिसत नाही, पण खांब सरकायला लागतो. सतत भाराखाली असा मंद सरकण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. म्हणजे तिथे जमिनीचं तापमान हाच पायाचा एक भाग आहे, जसा स्टीलचा ग्रेड असतो तसा. आर्क्टिक भाग १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापतो आहे. २००७ ते २०१६ या काळात जगभरच्या पर्माफ्रॉस्टचं तापमान सरासरी ०.३ अंशाने वाढलं. आकडा लहान वाटतो, पण उणे एकावर असलेल्या पायासाठी तो लहान नाही.

दुसरा धोका खरोखर वितळण्याचा. काही जागी जमिनीत बर्फाचे जाड थर आणि पाचरी असतात. मातीच्या पोकळ्यांत मावेल त्याहून जास्त बर्फ असेल, तर वितळल्यावर ते जादा पाणी निघून जातं आणि तेवढीच जमीन खाली बसते. एक मीटरच्या थरात असा जादा बर्फ ३० टक्के असेल, तर जमीन ३० सेंटिमीटर बसणार. शेजारच्या थरात ५ टक्केच असेल तर तिथे ५ सेंटिमीटर. इमारत मोडते ती या २५ सेंटिमीटरच्या फरकाने.

हे व्हायला किती उष्णता लागते, ते वहीत मांडून पाहा. एक घनमीटर मातीत ४० टक्के बर्फ धरला तर साधारण ३६७ किलो होतो. किलोला ३३४ किलोज्यूल या दराने तो वितळवायला सुमारे १२२ मेगाज्यूल लागतात. इमारतीच्या तळातून दर चौरस मीटरला फक्त १० वॉट उष्णता सतत खाली जात असेल आणि ती सगळी वितळवण्यातच खर्ची पडली, तर एक मीटर जमीन साडेचार-पाच महिन्यांत सुटते, म्हणजे तिच्यातला बर्फ वितळतो. १० वॉट म्हणजे एक लहान एलईडी दिवा. म्हणून तिथे बॉयलर हाउस, पंप हाउस, वस्तीच्या इमारती जमिनीपासून एक-दोन मीटर वर उचलून बांधतात आणि खालची जागा वाऱ्याला मोकळी सोडतात. याकुत्स्क, नोरिल्स्क ही शहरं अशीच खांबांवर उभी आहेत.

निफाडला थंडीत पारा चार-पाच अंशांवर गेला तरी हातभर खाली जमीन उबदार असते, हे शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तिकडेही तसंच, पण उलट्या बाजूने. उन्हाळ्याची ऊब खाली झिरपायला वेळ लागतो. दहा मीटर खोलीवर ती साधारण सहा महिन्यांनी पोचते, तीही अगदी क्षीण होऊन. त्यामुळे आज वर काय हवा आहे, यावरून पायाची तब्येत कळत नाही.

विजेशिवाय जमीन गोठवून ठेवणाऱ्या नळ्या असतात म्हणे. कॉम्प्रेसर नाही तर थंडावा येतो कुठून? — रेफ्रिजरेशन मेकॅनिक, सातपूर

थर्मोसायफन म्हणतात त्याला. बंद केलेली स्टीलची नळी, लांबी बहुधा दहा-बारा मीटर, खालचा भाग जमिनीत, वरच्या टोकाला ॲल्युमिनियमचे पंखे (फिरणारे नव्हेत, उष्णता हवेत सोडणाऱ्या पातळ पट्ट्या). आत थोडा अमोनिया किंवा कार्बन डायऑक्साइड भरलेला. हिवाळ्यात हवा उणे तीस आणि जमीन उणे एक असेल, तर खाली द्रव उकळतो, वाफ वर जाते, थंड पंख्यांपाशी तिचं पुन्हा द्रव होऊन ते नळीच्या आतल्या भिंतीवरून खाली येतं. प्रत्येक फेरीत जमिनीतली उष्णता वर हवेत टाकली जाते. उन्हाळ्यात वरचं टोक गरम, खालचं थंड. वाफेला द्रव व्हायला जागाच नसते, फेरी आपोआप थांबते. उष्णता एकाच दिशेने जाते, म्हणून ही युक्ती चालते. तुमच्या भाषेत सांगायचं तर कंडेन्सर आणि इव्हॅपोरेटर आहेत, बाकी काम हिवाळा करतो.

१९७७ मध्ये सुरू झालेली अलास्काची १,२८८ किलोमीटरची तेलवाहिनी याचं सर्वांत मोठं उदाहरण. अर्ध्याहून अधिक लांबीत ती जमिनीवर उचललेली आहे, कारण आतलं तेल गरम असतं. तिच्या उभ्या आधारखांबांत अशा सव्वा लाखाच्या आसपास नळ्या आहेत. २००६ मध्ये पूर्ण झालेल्या गोलमुड-ल्हासा रेल्वेवर रुळांच्या कडेला त्याच नळ्या दिसतात. शिवाय तिथे मोठ्या दगडांचे भराव घातलेत. दगडांच्या फटींतून हिवाळ्यात थंड हवा खाली उतरते.

बिघाड कुठे होतो? पहिला, गॅस निसटणे. दुसरा, वरच्या टोकाला न थिजणारा वायू साचणे. अलास्कात नळ्यांमध्ये हायड्रोजन तयार होऊन पंख्यांचा वरचा भाग निकामी झाला होता. तुमच्या कामात सिस्टिममध्ये हवा राहिली की हेड प्रेशर चढतं, तोच प्रकार. ओळखायची सोपी रीत म्हणजे कडक थंडीत, पहाटे, इन्फ्रारेड कॅमेऱ्याने पाहणे. चालू नळीचे पंखे हवेपेक्षा गरम दिसतात. पंख्याचा वरचा अर्धा हवेइतकाच थंड असेल तर तिथे वायू अडकलाय. तिसरा बिघाड, पंखे बर्फाच्या ढिगात गाडले जाणे. आणि चौथ्यावर मेकॅनिककडे इलाज नाही: हिवाळाच सौम्य होत गेला तर नळीला वर्षात कामाचे दिवस कमी मिळतात. नव्या आराखड्यात म्हणूनच मागच्या तीस वर्षांच्या सरासरीवर नव्हे, तर पुढच्या तीस वर्षांच्या अंदाजावर नळ्यांची संख्या धरायला हवी.

आमच्या फ्रोझन भाज्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये उणे २२च्या खोलीची फरशी मधोमध उचलली आहे. ठेकेदार म्हणतो काळी माती फुगली. तुमच्या टिपणातला प्रकार इथे होऊ शकतो का? — एक उद्योजक, दिंडोरी

होऊ शकतो. ही त्याच भौतिकशास्त्राची दुसरी बाजू आहे. तिकडे गोठलेली जमीन सुटते, तुमच्याकडे न गोठलेली गोठते. फरशीखालच्या इन्सुलेशनमधून थोडी थोडी उष्णता वर्षानुवर्षं वर खेचली जाते. खोली रुंद असेल आणि इन्सुलेशन भिजलेलं असेल, तर मधल्या भागाखालची माती शून्याखाली जाते. मग खालचं पाणी केशाकर्षणाने गोठत्या थराकडे चढत राहतं आणि बर्फाच्या चकत्या जाड होत जातात. फरशी उचलली जाते ती मुख्यतः या ओढून आणलेल्या पाण्यामुळे. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, तो भाग त्यामानाने किरकोळ आहे.

काळी माती की बर्फ, हे असं ओळखा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात बसते आणि भिंतींच्या कडेला जास्त हलते, कारण पाणी तिथून शिरतं. बर्फाचा फुगवटा ऋतू पाहत नाही, वाढतच जातो, आणि खोलीच्या मध्यावर सर्वांत जास्त असतो. खात्री करायची तर खोलीच्या मध्यावर एक बारीक छिद्र घेऊन इन्सुलेशनच्या खाली थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, सोडा आणि छिद्र लगेच बंद करा. शून्य किंवा त्याखाली रिडिंग आलं की निदान झालं.

फरशीखाली हवेचे पाइप घातले असतील तर आधी त्यांची दोन्ही तोंडं तपासा. पाला, उंदराची बिळं, साचलेलं पाणी यांनी ती बुजलेली आढळतात. आत पाणी गोठलेलं असेल तर त्या पाइपचा उपयोग शून्य. हीटर मॅट असेल तर सर्किटची कंटिन्युइटी घ्या. फरशीखाली साधारण ५ अंश राखणं हे उद्दिष्ट. नवीन खोली बांधताना कॉम्प्रेसरच्या डिस्चार्जची फुकट जाणारी उष्णता ग्लायकॉलमधून फरशीखाली फिरवणं सर्वांत स्वस्त पडतं. बाष्परोधक थर इन्सुलेशनच्या गरम बाजूला, म्हणजे खाली हवा. तो वर घातला तर ओल इन्सुलेशनमध्ये अडकते.

उंचवटा तासून फरशी सपाट करू नका. खालचा बर्फ पुढेमागे सुटला की तिथे खड्डा पडेल. आणि घाईने गरमही करू नका. माती एकदम चिखल होते, रॅकचे पाय वेडेवाकडे बसतात. रॅक रिकामे करून, पाइपमधून कोमट हवा सोडत, काही महिने घेऊन जमीन सावकाश सोडवायची आणि मग स्लॅबखाली ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरायचा. द्राक्षांच्या शून्य अंशाच्या खोल्यांना हा त्रास सहसा होत नाही.

कारखाने खचतात हे समजलं, पण गोठलेल्या जमिनीत पुरून ठेवलेल्या कचऱ्याचं काय? — निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड

आमच्या मते सर्वांत कमी बोलला जाणारा आणि सर्वांत जास्त घाबरवणारा भाग हाच आहे. इमारत खचली तर दिसते, जमिनीखालचा कचरा दिसत नाही. कित्येक दशकं उत्तरेकडच्या उद्योगांनी पर्माफ्रॉस्टला फुकटचं, कायमचं बंद कपाट मानलं. कॅनडात मॅकेंझी नदीच्या मुखाजवळ तेलविहिरी खणताना निघालेला खारट, रसायनमिश्रित गाळ जमिनीत खड्डे खणून टाकला आणि वर माती ओढली. तो गोठून जागेवर राहील, एवढाच आधार होता. मीठ असलेला गाळ तर शुद्ध पाण्यापेक्षा खालच्या तापमानाला सुटतो. झाकणावर झुडपं वाढली की ती वाऱ्याने वाहणारा बर्फ अडवतात, बर्फाची दुलई जमिनीची ऊब आत कोंडते आणि खड्डा आणखी लवकर सुटतो.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आर्क्टिकच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशात घातक पदार्थ हाताळणाऱ्या किंवा साठवणाऱ्या सुमारे ४,५०० औद्योगिक जागा आहेत आणि त्यांच्याशी संबंधित १३,००० ते २०,००० प्रदूषित ठिकाणं असावीत. त्यांपैकी सुमारे १,१०० औद्योगिक जागा आणि ३,५०० ते ५,२०० प्रदूषित ठिकाणं आज भक्कम गोठलेल्या जमिनीवर आहेत, ती या शतकाच्या आत सुटू लागतील.

एकच जागा जवळून पाहू. कॅनडाच्या यलोनाइफ शहराला लागून जायंट नावाची सोन्याची खाण होती. धातुक भाजताना निघालेली आर्सेनिक ट्रायऑक्साइडची २,३७,००० टन भुकटी तिथे खाणीतल्याच कोठारांत भरून ठेवली आहे. ती पाण्यात विरघळते. खाणकामाने विस्कटलेली थंडी पुन्हा जमेल आणि भुकटी कोंडून राहील, अशी समजूत होती. ती फोल ठरली. आता कोठारांभोवतीचा खडक थर्मोसायफनने मुद्दाम गोठवून ठेवण्याचा मार्ग धरला आहे आणि पाणी उपसून शुद्ध करत राहावं लागणार आहे. खाण २००४ मध्ये बंद पडली, हे काम मात्र आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही करावं लागेल. ज्यांनी सोनं नेलं त्यांच्या हिशेबात हा खर्च धरलाच नव्हता, आणि याची आम्हाला मनापासून चीड आहे.

याचा आपल्याशी काय संबंध? — लघुउद्योजक, अंबड

नोरिल्स्क परिसरातून जगातलं पॅलेडियम आणि निकेल मोठ्या प्रमाणात येतं. पेट्रोल गाडीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पॅलेडियम असतं, तुमच्या प्लेटिंगच्या टाकीत निकेल. शिवाय पूर्व सायबेरियाच्या उत्तरेकडच्या वांकोर तेलक्षेत्रात ओएनजीसी विदेशचा २६ टक्के हिस्सा आहे. आणि लडाखच्या उंचीवरही पर्माफ्रॉस्ट आहे. तिथे रस्ते, बोगदे, बंकर बांधताना हेच सगळं लागू होतं.

मुलगा वेल्डिंग फोरमन म्हणून उत्तर रशियातल्या गॅस प्रकल्पावर जातो आहे. साइटवर त्याने स्वतः कशावर लक्ष ठेवावं? — एक वाचक, सिन्नर

यंत्रं नसतानाही बरंच कळतं. उचललेल्या इमारतींच्या खालची मोकळी जागा रोज पाहायला सांगा. तिथे पाइप, लाकडं, ड्रम रचून ठेवायची सवय सगळीकडे असते. हवा अडली की खालची जमीन तापते. वाफेच्या किंवा गरम पाण्याच्या लाइनला जरा जरी गळती असेल तर ती "किरकोळ" म्हणून वहीत लिहून सोडू नये, त्याच दिवशी बंद करून घ्यावी. गळणारं गरम पाणी खांबाच्या कडेने खाली उतरतं, अगदी नको तिथे.

डोझरवाले रस्त्यावरचा बर्फ ढकलून टाकीच्या किंवा खांबांच्या कडेला ढीग घालतात. तो ढीग हिवाळाभर जमिनीला थंड होऊ देत नाही आणि उन्हाळ्यात तिथेच पाणी सोडतो. तो दूर, उताराच्या बाजूला टाकायला लावावा. उन्हाळ्यात पॅडच्या, म्हणजे बांधकामाखालच्या भरावाच्या, कडेला डबकं दिसलं तर त्याचा फोटो तारखेसह ठेवावा. पुढच्या वर्षी तेच डबकं मोठं झालं असेल तर खाली बर्फ सुटतो आहे.

दारं घासायला लागणं, क्रेनचा रूळ एका बाजूला उतरणं, पाइप सपोर्टच्या सॅडलपासून (ज्या बैठकीवर तो टेकतो तिच्यापासून) उचललेला दिसणं, काँक्रीटच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघणं, ही सगळी वेल्डरच्या नजरेला आधी दिसणारी लक्षणं आहेत. पाइप आणि सॅडल यांत फट दिसली तर ती पॅकिंग घालून बुजवण्याआधी कळवावी. सपोर्ट बसला की उलट शेजारचा वर आला, हे आधी ठरलं पाहिजे. कमी भाराचे खांब हिवाळ्यात गोठत्या मातीबरोबर वर उपसलेही जातात. बसलेल्या लाइनवर ताण तसाच ठेवून सांधा जोडू नये. आधी लाइन उचलून ताण सोडवावा.

आणि साइटवर तापमानाच्या बोअरहोल आहेत का, हे विचारावं. दहा-पंधरा मीटर खोल नळीत वर अर्ध्या मीटरवर आणि खाली एकेक मीटरवर तापमान मोजणारे थर्मिस्टर लावलेले असतात. रिडिंग महिन्यातून एकदा तरी झालं पाहिजे. सर्वांत महत्त्वाची नोंद सप्टेंबर-ऑक्टोबरची, कारण वरचा सुटा थर तेव्हा सर्वांत खोल गेलेला असतो. बोअरहोल आहे पण वायर तुटलेली आहे, असं उत्तर आलं तर त्याने ते सेफ्टी मीटिंगमध्ये लेखी मांडावं आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.